चौथा हॉर्न

बर्निस झाब्लॉकीला दोन हॉर्न वाजवता यायचे. एक दिवसा, शाळेच्या पिवळ्या बसचा, कुणी भर रस्त्यात गाडी लावून कॉफी आणायला गेलं की. दुसरा मंगळवारी संध्याकाळी, आमच्या ऑर्केस्ट्रात. गोल गुंडाळलेली पितळी नळी, तिचं कर्ण्यासारखं तोंड मागे वळलेलं, त्यात उजवा हात घालून बसायचं. यातला पहिला तिला जास्त चांगला जमतो, असं तिचा नवरा स्टॅन म्हणायचा. स्टॅन गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण विनोद मागे राहिला आणि तो आता बर्निसच सांगत असे.

आमचा ऑर्केस्ट्रा ग्रीनपॉइंट नावाच्या आमच्या भागातल्या पोलिश चर्चच्या तळघरात सराव करतो. कुणाला छदाम मिळत नाही. दात काढणारे, नळ दुरुस्त करणारे, शाळेत गणित शिकवणारे असे सगळे दिवसाचं काम उरकून येतात आणि दोन तास एकमेकांच्या सुरांवर नाकं मुरडतात. मी व्हायोला वाजवतो, म्हणजे व्हायोलिनचं थोरलं, जाड आवाजाचं भावंड, त्यामुळे वादकांच्या जगातले अर्धे विनोद माझ्यावर आहेत आणि उरलेले अर्धे बर्निसला पाठ होते. माझं नाव तिने कधी घेतलं नाही. मी तिच्यासाठी ‘व्हायोला’. ती माझ्या बरोबर मागे बसायची, चार हॉर्नांच्या रांगेत शेवटची. चौथ्या हॉर्नचं काम म्हणजे खालचे लांबलचक सूर धरून ठेवायचे, ज्यांच्यावर बाकीचे नाचतात. ते सूर आहेत हे लोकांना कळत नाही. नसले तर मात्र इमारत हलल्यासारखी वाटते.

गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनियाने गाठलं. वाचली, पण डॉक्टरांनी सांगितलं की उजवं फुप्फुस आता पूर्वीचं उरलं नाही. वसंतात ती परत आली तेव्हा माझ्या पाठीला कळायचं. मागून येणारा तो जाड, उबदार सूर मध्येच तुटायचा आणि मग नुसती धाप.

आमची कंडक्टर ग्रेस ओह. ऑर्केस्ट्रापुढे काडी हलवतात त्यांना आमच्याकडे कंडक्टर म्हणतात, तिकिटं फाडणाऱ्यांना नव्हे. वयाने लहान, कानाने तिखट, मनाने वाईट नाही. एका मंगळवारी सराव संपल्यावर तिने बर्निसला थांबवलं. मी व्हायोला पेटीत ठेवत होतो आणि मुद्दाम सावकाश ठेवत होतो.

“बर्नी, तब्येत कशी आहे?”

“तू असं गोड विचारलंस की मागून कडू येतंच, पोरी. बोलून टाक.”

“चौथ्या हॉर्नसाठी हिवाळ्यात ऑडिशन घ्यावी म्हणते. तूही दे ना.”

“माझ्याच खुर्चीसाठी?”

ग्रेसने काडी पिशवीत घातली. मग म्हणाली, “बरं, असं करू. नोव्हेंबरचा कार्यक्रम तू शेवटपर्यंत वाजवलास तर ऑडिशनचं नाव काढणार नाही. शब्द देते. पण मध्ये थांबलीस तर मला दुसरं माणूस शोधावं लागेल.”

“ठरलं,” बर्निस म्हणाली. “आहे काय नोव्हेंबरात?”

नोव्हेंबरात होतं लायल ब्रँडवोल्डचं संगीत. दिवा घेऊन शोधलं असतं तरी त्या फुप्फुसांसाठी याहून वाईट काही सापडलं नसतं.

लायल आमच्याच भागातला, ऐंशीच्या पुढचा. तरुणपणी दोरखंडाच्या बंद पडलेल्या कारखान्यात वरच्या मजल्यावर राहायचा, कारण भाडं कमी होतं आणि उंदरांची तक्रार नव्हती. तिथे त्याने रेडिओवरच्या कुठल्याशा नाचाच्या बँडचा इवलासा तुकडा टेपच्या फितीवर उतरवला, फीत कापली आणि दोन्ही टोकं चिकटवून तिचं कडं केलं. ते कडं यंत्रावर फिरत राहायचं, तोच तुकडा पुन्हा पुन्हा. खूप वर्षांनी त्याने ते परत लावलं तेव्हा फितीवरचा थर सुटत चालला होता. प्रत्येक फेऱ्यात सुराची थोडी पूड गळून पडे. लायलने यंत्र बंद केलं नाही. सूर झिजत झिजत संपेपर्यंत सगळं दुसऱ्या फितीवर भरून घेतलं. ती रेकॉर्ड जगभरचे लोक डोळे मिटून ऐकतात म्हणे. आमच्या गल्लीत मात्र लायल म्हणजे चुकीच्या दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर काढणारा म्हातारा.

आता कुणीतरी ते सगळं झिजणं ऑर्केस्ट्रासाठी लिहून काढलं होतं. पाऊण तास तेच आवर्तन, दर वेळी किंचित विरळ. स्पष्ट सांगतो, मला ते मुळीच आवडलं नाही. व्हायोलांना चार सूर, मग येरे माझ्या मागल्या, तेच चार सूर. यंत्राने फुकट केलेलं काम माणसांनी घाम गाळून कशाला करायचं, असं मी मोठ्याने म्हणालोही. बर्निस मागून म्हणाली, “व्हायोला, तुला चार सूर दिलेत हा त्यांचा विश्वास आहे. वाया घालवू नकोस.”

पहिल्या सरावाला लायल स्वतः आला, कोटाच्या खिशात राय ब्रेडचं सँडविच घेऊन. आम्ही सुरुवात केली. ग्रेसने हात उचलला, आवर्तन झालं, तिने पुन्हा हात उचलला, पुन्हा आवर्तन. थोड्या वेळाने लायलने सँडविच खाली ठेवलं.

“भोक पडतंय,” तो म्हणाला.

“कुठे?” ग्रेसने विचारलं.

“प्रत्येक फेऱ्याच्या टोकाला. तुम्ही सगळे मिळून दम घेता. माझी फीत दम घेत नव्हती.”

खरंच होतं ते. कंडक्टरचा हात वर गेला की श्वास घ्यायचा, हे वाजवणाऱ्याच्या हाडांत लहानपणीच मुरलेलं असतं. आमच्यासारखे तारवालेसुद्धा त्या हाताबरोबर छाती फुगवतात. त्यामुळे दर आवर्तनाच्या शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा एकदम हवा आत ओढायचा आणि सूर तुटायचा. ग्रेसने फुंकणाऱ्यांना सांगितलं की श्वास आळीपाळीने घ्या, शेजारी घेतो तेव्हा तुम्ही घेऊ नका. प्रत्येकाने आपापल्या कागदावर पेन्सिलीने जागा आखून घेतल्या. पुढच्या मंगळवारी भोक निम्मं बुजलं.

पण घोडं पेंड खात होतं ते हॉर्नांपाशी. बर्निसला जागा आखता येईना. तिचा दम कधी संपेल हे तिलाच ठाऊक नसायचं. कधी पूर्ण आवर्तन निघायचं, कधी अर्ध्यातच छाती रिकामी. आखलेल्या जागेपर्यंत ती ताणायची, चेहरा बीटासारखा लाल व्हायचा आणि नेमकी दुसऱ्याच्या जागी कोसळायची. ती घरी मेहनत करत नव्हती असं नाही. सकाळची मुलं शाळेत सोडली की दुपारपर्यंत ती बस डेपोच्या कोपऱ्यात लावून आत बसून एकच सूर धरायची. एका मेकॅनिकने ब्रेकमधून हवा गळतेय म्हणून तिची बस दोनदा खालून तपासली.

ऑक्टोबरच्या एका सरावात ती मध्येच थांबली आणि हॉर्न मांडीवर ठेवला. ग्रेसने पाहिलं आणि पुढचं पान उलटलं. तेच जास्त वाईट होतं. मध्यंतरात बर्निस म्हणाली, “डेस्मंड, मी सोडते. ऑडिशनमध्ये हाकललं जाण्यापेक्षा आपण होऊन उठलेलं बरं.”

डेस्मंड प्राइस आमचा पहिला हॉर्न. फ्लॅटबुश भागातला, आजीआजोबा बार्बाडोस बेटावरचे, शाळेत गणित शिकवतो. बोलणं मोजकं. त्याने तिच्यापुढचा कागद घेतला, खोडरबर काढलं आणि तिच्या श्वासाच्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या.

“काय करतोस, बाबा?”

“तुला हवा तेव्हा श्वास घे.”

“आणि भोक?”

“ते आमचं काम. आम्ही तिघं तुझ्यावर कान ठेवू. तू सुटलीस की आम्ही धरू.”

“आणि मी तुमच्याच वेळी सुटले तर?”

“मग आम्ही श्वास आणखी रोखू आणि थोडं उशिरा मरू,” डेस्मंड म्हणाला. “तू काळजी नको करूस, बर्नी. तुझं दम लागणं आधीच ऐकू येतं. तीन गल्ल्या आधी बस ऐकू यावी तसं.”

ती हसली, हसताना खोकली आणि बसली.

त्यानंतर माझ्या पाठीमागे काहीतरी बदललं. चौघं कागदाकडे बघेनासे झाले. बर्निसचा खांदा जरा चढला की दुसरा आणि तिसरा हॉर्न आपला सूर तेवढ्यापुरता भरून द्यायचे, ती परत आली की मागे सरायचे. सूर तुटत नव्हता, नुसता एका छातीतून दुसरीत जात होता. आणि गंमत म्हणजे त्यांच्यामुळे आम्हीही एकमेकांवर कान ठेवायला लागलो. माझ्या चार सुरांना पहिल्यांदाच काही काम आहे असं मला वाटलं. मी हे कुणाला बोललो नाही, कारण आधी फार बोललो होतो.

कार्यक्रम नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी, वरच्या मोठ्या चर्चमध्ये झाला. बाकं भरली, लोक भिंतींना टेकून उभे राहिले. बसमधली मुलं आईबापांना घेऊन आली होती. लायल पहिल्या रांगेत, कोट नवा, खिसा फुगलेला.

सुरू झालं. पहिली काही आवर्तनं नाचाच्या दिवसासारखी भरगच्च, मग हळूहळू रंग उडायला लागला. व्हायोलिनं बारीक झाली, बासऱ्या थांबल्या, माझ्या चार सुरांतले दोन गेले, मग एकच राहिला, मग तोही नाही. लिहिल्याप्रमाणे शेवटची बरीच आवर्तनं फक्त हॉर्नांची होती. तिसरा थांबला, दुसरा थांबला. उरले डेस्मंड वरच्या सुरात आणि बर्निस खालच्या. ती श्वास घेई तेव्हा तो धरून ठेवी, तो घेई तेव्हा ती. मी व्हायोला मांडीवर ठेवून समोर बघत होतो आणि मनात एकच चाललं होतं, की निघू दे, एवढं निघू दे.

आणि डेस्मंडचे ओठ गेले. पाऊण तास हळू, उंच सूर धरणं म्हणजे ओठांवर अत्याचार असतो. बर्निसला सांभाळताना त्याने वाट्यापेक्षा जास्त वाजवलं होतं. त्याचा सूर थरथरला, फाटला आणि बंद पडला. मी मान वळवली. त्याने एकदा पुन्हा प्रयत्न केला, नुसती फुरफुर निघाली. तो बर्निसकडे बघून मान हलवत होता.

ती एकटी राहिली. दुसऱ्या-तिसऱ्याने हॉर्न कधीच खाली ठेवले होते, आता पाठीशी कुणी नाही. आवर्तनं बाकी होती.

तिचा दम संपला. सूर तुटला आणि त्या भरल्या चर्चमध्ये तिचा श्वास ऐकू आला, मोठा, खरखरीत, शेवटच्या बाकापर्यंत. जे भोक आम्ही दोन महिने बुजवत होतो तेच. ग्रेसने हात वर नेला. इथेच संपवून टाकू, लोकांना कळणार नाही, असा तो हात होता. दयाळू हात होता, खोटं कशाला बोलू. पण त्या हाताची मूठ मिटली असती तर बर्निस मध्येच थांबली असती आणि ठरल्याप्रमाणे खुर्ची गेली असती.

बर्निसने हॉर्न तोंडाला ठेवूनच मान हलवली. नाही. आणि सूर परत लावला.

ग्रेसचा हात तिथेच थांबला, मग हळूच खाली गेला आणि तिने काडी पुढ्यात ठेवून दिली.

त्यानंतर बर्निसने श्वास लपवला नाही. सूर, मग श्वास, सूर, मग श्वास. दर फेऱ्याला सूर थोडा बारीक, श्वास थोडा मोठा. लोक हलत नव्हते. बसमधलं एक पोर मला दिसत होतं, ते तिच्याबरोबर श्वास घेत होतं. मग लक्षात आलं की त्याची आईही घेतेय, अख्खं बाक घेतंय, मीसुद्धा. शेवटच्या फेऱ्याला सूर उमटलाच नाही. तिने नळीतून नुसती हवा सोडली, जेवढा सूर धरायचा तेवढा वेळ, एक क्षण कमी नाही. कागदावरची शेवटची खूण तिने ओलांडली तेव्हा हॉर्न खाली घेतला.

कुणी टाळी वाजवेना. मग पहिल्या रांगेत लायल उभा राहिला. नाक पुसत राहिला, आणि त्याच्यामागे सगळं चर्च असं उठलं की छपराखालची कबुतरं उडाली. माझे डोळे वाहत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. एवढा अभिमान मला स्वतःच्या मुलांचाही क्वचित वाटला आहे.

आमच्यात रीत अशी, की शेवटी कंडक्टर एकेका मोठ्या वादकाकडे हात करून त्याला उभं करते. ग्रेसने डेस्मंडकडे हात केला. तो उठला नाही, त्याने रांगेच्या टोकाला बर्निसकडे बोट दाखवलं. बर्निसने वळून मागे कोण आहे ते बघितलं. मागे भिंत होती.

मग ग्रेस स्वतः खुर्च्यांमधून वाट काढत मागे आली आणि तिला हाताला धरून उभं केलं. गोंगाट इतका होता की ती तिच्या कानाशी वाकून ओरडली, “खुर्ची तुझी!”

बर्निसला बोलायला दम नव्हता. तिने तो आधी नीट घेतला.

“होतीच की,” ती म्हणाली, आणि सगळं चर्च उभं असताना ती एकटी खाली बसली.