देव्हाऱ्यातला तांबूस रुपया

पंढरीनाथांचा कुणावर विश्वास बसायचा म्हणजे मोठीच गोष्ट. दूधवाला पाणी घालतो, वॉचमन मुद्दाम गेट उशिरा उघडतो, डॉक्टर उगाच टेस्ट लिहून देतो. भाईंदर पूर्वेला राहायला येऊन एवढी वर्षं झाली, पण सोसायटीतल्या एकाही माणसाला त्यांनी कधी पुरे मार्क दिले नाहीत.

छंदाला मात्र हा स्वभाव भलताच मानवला. ते चुकलेली नाणी जमवायचे. चूक टांकसाळीतच झालेली हवी. बाहेर आल्यावर कुणी ठोकलं, कापलं, तर ते नुसतं खराब नाणं. लोक काय, काहीही आणून दाखवतात! केबिन रोडच्या एका दुकानदाराने कडेचा तुकडा उडालेला रुपया पुढे केला. पंढरीनाथांनी भिंग लावलं. ठशाखाली जाणारी कोरी चकती मुळातच तुटकी असती, तर ठसा बसताना बरोबर समोरची कडही दबलेली राहिली असती. इथे ती चांगली ठसठशीत होती. "भाई, रेती किसने मारी?" कानस कुणी चालवली, असं त्यांनी विचारताच दुकानदार कसनुसा हसला.

एकाच नाण्याला त्यांनी भिंग कधी लावलं नाही. ते होतं देव्हाऱ्यात, त्यांच्या बायकोने, हंसाबाईंनी लक्ष्मीपुढे ठेवलेलं. एरवी रुपया पांढरा, हा तांबूस. दुसऱ्याच धातूची चकती चुकून रुपयाच्या ठशाखाली गेली असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. हंसाबाई गेल्यावर तर त्या रुपयाला कुणी हात लावलेलाही त्यांना खपायचा नाही.

या दिवाळीला सूनबाईने, निशिगंधाने, देव्हारा घासूनपुसून लख्ख केला. पंढरीनाथ पूजेला बसले आणि पाहतात तर रुपया पांढरा.

"माझा रुपया कुठाय?"

"हाच तो, बाबा. पावडरने घासला तर रंगच गेला त्याचा."

"नाण्यांतलं तू मला शिकवणार?"

गेल्याच आठवड्यात तिचा भाऊ जितेंद्र येऊन गेला होता. त्याने त्या रुपयाचा फोटोही काढला होता. पंढरीनाथांच्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं. "भावाला फोन लाव," ते म्हणाले, "आणि गपचूप परत आणून द्यायला सांग."

निशिगंधाचा चेहराच उतरला. मुलगा पराग इतकंच म्हणाला, "बाबा, आम्ही मीरा रोडला भाड्याने घर बघतोय. चोर म्हणवून घेऊन ती इथे राहणार नाही." जा म्हणावं खुशाल! पण घरात बोलणं बंद झालं आणि पंढरीनाथांना जेवण जाईना.

आता हे नाणं बदललेलंच आहे, हे परागच्या तोंडावर मारायचं, म्हणून त्यांनी भिंग काढलं. रुपया उलटसुलट केला. अक्षरांच्या बेचक्यांत, जिथे घासणी पोचत नाही तिथे, तांबूस रेघा चिकटून होत्या. त्यांनी लोहचुंबक आणलं. रुपया टपकन चिकटला. आतून साधं स्टील, वरून तांब्याचा नुसता पापुद्रा.

मग त्यांना हंसाबाईंचं पूजेची भांडी घासणं आठवलं. ताम्हन, पळी, पंचपात्र, सगळं चिंच-मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि देवाचा म्हणून तो रुपयाही त्यातच. भांड्यांचं तांबं सुटून रुपयावर बसत गेलं. टांकसाळीचा काही संबंधच नव्हता. दुसऱ्या कुणी हा रुपया आणला असता, तर त्यांनी आधी चुंबकच लावलं असतं. पंढरीनाथांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

ते स्वयंपाकघरात गेले. निशिगंधा वर्तमानपत्रांत भांडी गुंडाळत होती.

"नाणं तेच आहे गं," ते म्हणाले. "अक्षरांत तांबं सापडलं. तू खरं बोलत होतीस. चुकलं माझं."

तिने हातातली वाटी खाली ठेवली.

"आणि मी अजून थोडं घासलं असतं तर, बाबा? तेवढंही तांबं राहिलं नसतं तर?"

तिने वाटी पुन्हा उचलून कागदात गुंडाळली.