रुतिलियो झामारिपाची मिशी

नाव: रुतिलियो झामारिपा. वय: एक्कावन्न. प्रकार: प्रदूषणाचा स्रोत, दोन पायांचा, फिरता. उत्सर्जन: त्वचेचे कण, केस, श्वास, शिंका आणि अधूनमधून गाणे. ओळखीची खूण: मिशी, काळी, भरघोस. हाताळणी: पूर्ण झाकल्याखेरीज आत घेऊ नये.

हे वर्णन कुणा आकसखोराचं नाही. फिनिक्सच्या पूर्वेकडच्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात चिपच्या कारखान्यासाठी माणसं तयार करतात. तिथे पहिल्याच दिवशी, आपण जन्मतःच घाण आहोत, हे प्रत्येकाला सही करून मान्य करावं लागतं. रुतिलियोने खळखळ न करता सही केली. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला त्यात नवीन काही वाटलं नाही.

त्याचा जन्म छपरं घालण्यात गेला होता. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा डॉक्टर म्हणाला, "आणखी एक उन्हाळा वर काढलास, तर शिडीवरून तुला उतरवायला दुसरी शिडी लावावी लागेल." चिपच्या कारखान्यात मात्र बाराही महिने तीच गार हवा. रुतिलियोला चिप म्हणजे काय ते अजून नीटसं कळलं नव्हतं. गार हवा पक्की कळली होती.

आडवी आली ती पोशाखाची चाचणी. टोपडं, मुखपट्टी, झगा, बूट, हातमोजे हे सगळं ठरलेल्या क्रमाने, जमिनीला न टेकवता चढवायचं आणि क्लीनरूममध्ये, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीत, उभं राहायचं. पूर्वी त्या खोलीत कुंभारकामाचा वर्ग भरे. मग मिस्टर टॉलिव्हर कण मोजायचं यंत्र घेऊन जवळ येत. यंत्र गप्प राहिलं तर कारखान्यात मुलाखत. बोंबललं तर पुढची तुकडी, म्हणजे आणखी एक उन्हाळा छपरावर.

टॉलिव्हर हे कारखान्यातून निवृत्त झालेले, पांढऱ्या झुपकेदार मिशीचे गृहस्थ. त्यांची मर्जी राखावी म्हणून रुतिलियोची बायको ओब्दुलिया रोज डबाभर पोल्व्होरोन पाठवायची. पोल्व्होरोन म्हणजे नानकटाईची मेक्सिकन मावसबहीण, पिठीसाखरेत लोळवलेली. चाचणीआधी उमेदवारांना पाण्याखेरीज काही तोंडात घालायला बंदी होती. टॉलिव्हर उमेदवार नव्हते.

झेडवरून आडनाव असल्यामुळे रुतिलियोचा नंबर सगळ्यांच्या शेवटी, मधल्या सुट्टीनंतर लागला. सुट्टीआधी सगळे पास झाले. रुतिलियोपाशी यंत्र केकाटलं.

"मिशी," टॉलिव्हर गंभीरपणे म्हणाले. "मिशीत फार साठतं."

"पण ती तर मुखपट्टीच्या आत आहे, मिस्टर टॉलिव्हर."

"कणांना तू शिकवू नकोस. शुक्रवारी पुन्हा ये."

बाहेर लोरेटा त्सोसी उभी होती. ही आधी कसिनोत पत्ते वाटायची. ती पास झाली होती आणि त्यामुळे जरा उदार झाली होती. "अरे, त्या मिशीत छपराचं डांबर असेल अजून," ती म्हणाली. "काढून टाक. नाहीतरी तिच्यामुळे तू रस्ता चुकलेल्या वाघरासारखा दिसतोस."

गुरुवारी संध्याकाळी रुतिलियोने मिशी उडवली. न्हाणीघरातून बाहेर आला तेव्हा ओब्दुलिया हातातली चाळणी तशीच धरून बघत राहिली.

"म्हाताऱ्या, तुला वरचा ओठ होता?"

"होता वाटतं."

"लग्नाआधी दाखवायला हवा होतास," ती म्हणाली, आणि दुप्पट साखर चाळायला लागली. उद्या साहेब खूश राहायला हवे होते.

शुक्रवारी टॉलिव्हरनी दुप्पट डबा मनापासून रिकामा केला, हात झटकले आणि आत शिरले. मुखपट्टी त्यांनी नेहमीसारखी हनुवटीखाली ओढलेली होती. तीस वर्षांच्या अनुभवापुढे मुखपट्टी काय, आणि शिकवताना आवाजही पोचायला हवा. यंत्र पुन्हा केकाटलं.

"भुवया," टॉलिव्हर म्हणाले.

रुतिलियोचा हात आपोआप कपाळाकडे गेला. भुवयांविना ओब्दुलियासमोर कसं उभं राहायचं, याचा तो मनातल्या मनात सराव करू लागला. टॉलिव्हर आकडा टिपून घ्यायला टेबलाकडे वळले. यंत्र त्यांच्याबरोबर गेलं आणि तिथेही केकाटत राहिलं.

काचेपलीकडून लोरेटा ओरडली, "मिस्टर टॉलिव्हर, ते तुमच्यावर ओरडतंय! मिशी झटका एकदा!"

पांढऱ्या मिशीवरची पांढरी साखर कुणाला दिसणार? टॉलिव्हरनी बोट फिरवलं, चाटलं. मग म्हणाले, "नियमानुसार परीक्षकाची तपासणी होत नाही."

"मग परीक्षकाने बाहेर उभं राहावं," लोरेटा म्हणाली.

यावर नियमात काही नव्हतं. टॉलिव्हर काचेबाहेर गेले, यंत्र आतल्या स्टुलावर राहिलं. रुतिलियो त्याच्यापुढे श्वास रोखून उभा राहिला, मग श्वास सोडून उभा राहिला. यंत्र गप्प होतं.

कारखान्याचं बोलावणं यायला इतका वेळ लागला की तोवर मिशी पुन्हा पहिल्यासारखी झाली. आता तो आत काम करतो. पोशाखातून फक्त डोळे दिसतात.