आपत्ती आणि हरकत

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५. देवास. सकाळपासून ढगाळ, पाऊस नाही. गॅस आला. गुडघा कालच्यासारखाच. दुपारी नलिनी जगदाळे सरकारी उत्तर घेऊन आली. विपुलचे केंद्र सुटणार. लिहून द्या म्हणते. नाही म्हणायचे ठरवले होते, म्हणता आले नाही.

एवढे लिहून वासंतीबाई नेवासकरांनी वही मिटली आणि चष्मा काढून डोळे चोळले. लोकांना अर्ज लिहून देण्याचा त्यांना कंटाळा आला होता, आणि तो काही आजचा नव्हता. महूच्या कॉन्व्हेंटात नन्सनी त्यांना वाक्याची चिरफाड करायला शिकवले होते. कर्ता कुठे, क्रिया कुठे, नुसती शोभा कुठे. लग्न होऊन धारला आल्या तर नवरा वकील. नीलकंठरावांचा प्रत्येक अर्ज पुढे त्यांच्याच हाताखालून टाइप होऊन गेला. "ह्यात आपलं म्हणणं नेमकं काय आहे, वासंती?" असे ते खुर्चीमागे उभे राहून विचारायचे, आणि निम्मा मजकूर गळून पडायचा. ते गेल्यावर धारचे घर विकून त्या मुलाजवळ देवासला आल्या. वर्षाच्या आत मयुरेशची बदली हैदराबादला झाली. हैदराबादच्या फ्लॅटला लिफ्ट नव्हती, बाईंच्या गुडघ्याला जिना नको होता. नंतर बोलावतो म्हणाला तो. बाई राहिल्या.

कॉलनीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. विजेचे बिल चुकले, चला नेवासकरकाकूंकडे. सरकारी योजनांच्या समग्र कार्डावर नाव चुकले, चला काकूंकडे. ऐंशीला टेकल्यावर मात्र त्यांनी यंदा गुढीपाडव्यालाच ठरवले होते, आता पुरे.

पण नलिनीला नाही म्हणणे अवघड होते. ती मूळची कऱ्हाडकडची. नवऱ्याला, रत्नाकरला, देवासच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा लग्न होऊन इथे आली. भाजीवाल्याशी भांडण्यापुरती हिंदी तिला फक्कड येते. सरकारी हिंदीचे ताट मात्र कधी तिच्यापुढे आले नव्हते. एकुलता एक मुलगा विपुल अडतीस वर्षांचा. बोलत नाही, शर्टाची बटणे आई लावते. सकाळी दहाला तो दिव्यांगांच्या दिवसकेंद्रात जायचा, कागदी पिशव्यांना घड्या घालायचा, चारला परत यायचा. गेल्या थंडीत रत्नाकरला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते सहा तासच नलिनीला तारत होते. त्याच वेळात मालिशवाला येई. रत्नाकर कळवळून ओरडे, आणि बापाचे ओरडणे कानावर पडले की विपुल स्वतःचे डोके भिंतीवर आपटून घेई. दोघे एका वेळी एका घरात ठेवता येत नव्हते. सगळे दुखणे एवढेच होते.

आणि आता केंद्रांसाठी नवे नियम आले होते. पस्तिशीच्या पुढच्यांना प्रवेश नाही. आधीपासून असलेल्यांना नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत.

"वाचा काकू," त्या दुपारी नलिनीने कागद पुढे सरकवला होता. "आमच्या घरात आपत्ती नाही म्हणे."

कागदावर दोनच ओळी होत्या. आपके पत्र में प्रारूप नियमों पर कोई आपत्ति नहीं पाई गई.

"तू काय लिहिलं होतंस त्यांना?"

"सगळं. चार पानं. केंद्राच्या बोर्डावर लागलं होतं ना, तीस दिवसांत आपत्ति लिखित में दें. म्हटलं, देते. विपुलच्या जन्मापासून लिहिलं. ह्यांचा झटका लिहिला. त्याच महिन्यात सासूबाई गेल्या, तेही लिहिलं. अजून काय आपत्ती हवी त्यांना, भूकंप?"

वासंतीबाईंना हसू आले.

"अगं, हिंदीतली आपत्ति म्हणजे आपली हरकत. नियमाला तुझी हरकत काय, एवढंच विचारत होते ते."

नलिनीने कागद पुन्हा हातात घेतला. "म्हणजे चार पानं फुकट गेली?"

"फाइलला लागली असतील."

"मग हरकत म्हणून काय लिहायचं होतं?"

"एक ओळ. पस्तिशीची अट काढा."

"एवढंच? काकू, एवढं तर मी तोंडानं सांगितलं असतं. चाळीस वर्षं झाली इथं येऊन, आणि हे मेलं मला कुणी सांगितलं नाही."

मुदत टळली होती, नियम राजपत्रात छापूनही झाले होते. उरली होती एक वाट, आणि ती लांबची होती. विधानसभेत आमदारांची एक समिती असते. निरनिराळ्या खात्यांनी केलेले नियम सभागृहाच्या पटलावर ठेवले जातात, आणि ते मूळ कायद्याला धरून आहेत की नाहीत हे ती समिती तपासते. नलिनीला हे एका दमात कळेना. बाईंनी स्वयंपाकघरातला दाखला देऊन सांगितले.

"समज, घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, सणाला सगळ्यांना पुरणपोळी. तो झाला कायदा. किती करायच्या, पंगत कधी बसवायची, हे सुनेनं बघायचं. ते नियम. पण सून म्हणाली, चाळिशीच्या पुढच्यांना वाढणार नाही, तर?"

"तर सासू ताट आपटेल."

"ती सासू म्हणजे ही समिती. फक्त जेवणं उरकल्यावर येते."

"वरातीमागून घोडं."

"घोडं तरी आहे," बाई म्हणाल्या, आणि कागद पुढे ओढला.

मूळ कायदा त्यांनी तीनदा वाचला. त्यात दिव्यांग व्यक्ती असा शब्द होता, वयाचा उल्लेख कुठेच नव्हता. म्हणणे अर्ध्या पानात बसले. नलिनीने ते वाचून विचारले, "ह्यात विपुल कुठंय?" वासंतीबाईंनी शेवटी त्याचे नाव आणि वय घातले.

ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र आले. समितीचा दौरा होता, म्हणणे ऐकायला अठ्ठावीस तारखेला धारच्या विश्रामगृहात बोलावले होते.

देवासहून इंदूर, इंदूरला बस बदलून धार. रत्नाकरजवळ मालिशवाल्याची बायको बसली, विपुलला मात्र बरोबर घ्यावे लागले, कारण त्या दिवशी नेमकी केंद्राला सुट्टी होती. तो दोघींच्या मध्ये बसला आणि आईच्या पदराचे टोक मुठीत धरून खिडकीबाहेर बघत राहिला. कंडक्टर म्हणाला, "भिया का टिकट आधा लगेगा, कार्ड दिखा दो." नलिनीने विपुलचे दिव्यांग कार्ड दाखवले. धारला उतरल्यावर वासंतीबाईंनी किल्ल्याकडे मान वर करून पाहिले नाही. आपल्या जुन्या गल्लीकडेही गेल्या नाहीत. गुडघ्याने तेवढी परवानगी दिली नव्हती, आणि तिथे आता कोण होते?

विश्रामगृहाच्या ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. त्या दिवशी तीन खात्यांचे नियम होते, पहिले खनिज खात्याचे. धामनोदचे चार ट्रकमालक वाळूवाहतुकीच्या नियमावर बोलायला आले होते. दवाखान्यात शेजारचा दुखणे विचारतो तसे त्यातल्या एकाने विचारले, "माताजी, आपका कौन सा नियम है?"

"उम्र वाला," नलिनी म्हणाली.

"हमारा तो तिरपाल वाला है. रात को तिरपाल ढीला मिले तो गाड़ी जब्त. अब हवा को कौन समझाए." एवढे ताडपत्रीचे दुखणे सांगून त्याने पिशवीतून शेंगदाणे काढून विपुलच्या ओंजळीत घातले. विपुलने ते एकेक करून खुर्चीच्या हातावर रांगेत मांडले, आणि ट्रकवाला सरळ मनाने ती रांग पुढे वाढवू लागला.

दुपार कलल्यावर त्यांचे नाव पुकारले. आत लांब टेबल, पाच आमदार, कडेला खात्याचे अधिकारी. मधल्या खुर्चीवर बसलेले सभापती दमलेले दिसत होते. चहाच्या कपात बिस्किट विरघळून खाली बसले होते आणि सभापती ते चमच्याने शोधत होते.

"बताइए, आपकी आपत्ति क्या है?"

वासंतीबाईंनी तोंड उघडण्याआधी नलिनीने दारातल्या विपुलकडे हात केला. "ये अड़तीस का है. नियम पैंतीस का है. यही आपत्ति है."

एक आमदार हसले. सभापती हसले नाहीत. त्यांनी अर्ज उचलून पाहिला. "कानून में उम्र नहीं है, ये आप कह रही हैं?"

"कायद्यात नाही," वासंतीबाई बोलून गेल्या, मग हिंदीवर आल्या. "सदन ने जो नहीं लिखा, वो विभाग नियम में कैसे जोड़ सकता है, बस इतना ही."

सभापती अधिकाऱ्याकडे वळले. "पैंतीस कहाँ से आया?"

अधिकारी फाइल चाळू लागला. पाने उलटून झाली, पुन्हा उलटून झाली. शेवटी कळले ते असे, की नियम घाईने करायचे होते, म्हणून दुसऱ्या खात्याच्या युवा वसतिगृहांचे नियम नमुन्याला घेतले होते. तिथे पस्तीसची अट होती. ती तशीच आली.

"यानी दूसरे के घर का परदा अपनी खिड़की पर टाँग दिया."

"सर, नाप ठीक लगा था."

"किसका नाप लिया था?"

अधिकाऱ्याने फाइल मिटली. सभापतींनी लिहिणाऱ्याला सांगितले, नियम मूळ कायद्याच्या बाहेर जातो, संशोधन की सिफ़ारिश. नलिनी बाईंच्या कानाशी वाकली. "संशोधन म्हणजे दुरुस्ती. एकदा फसले, आता नाही."

वासंतीबाईंच्या मनात मात्र तारीख घोळत होती. "सोमवार से इसका केंद्र बंद है. तब तक?"

सभापतींनी चमचा खाली ठेवला. मग नरम आवाजात सगळे सांगितले, आणि त्यातले काहीच नरम नव्हते. समितीचा अहवाल मार्चच्या अधिवेशनात पटलावर जाईल. खात्याला उत्तराला मुदत मिळेल. खात्याने मानले तर दुरुस्ती राजपत्रात येईल. "तब तक नियम तो नियम है, माताजी. हम कह सकते हैं, रोक नहीं सकते."

"थोड़ी ढील?" नलिनीने अधिकाऱ्याला विचारले.

"ढील देने का प्रावधान नियम में नहीं है, बहनजी. होता तो मैं आज ही दे देता." तो खरे बोलत होता; त्याची मान खाली गेली होती.

परतीच्या बसमध्ये विपुल आईच्या खांद्यावर झोपला. आपण जिंकलो का, असे नलिनीने विचारले असते तर वासंतीबाईंना हो म्हणावे लागले असते, म्हणून तिने विचारले नाही हे बरे झाले. अर्धे पान चोख होते. त्यांच्या उभ्या आयुष्यात इतके चोख फारसे काही लिहून झाले नव्हते, आणि ते सोमवारी कुणाच्या उपयोगाचे नव्हते. पाय सुजले होते. घरी जाऊन कोमट पाण्यात पाय सोडावेत, दार लावावे आणि मार्चपर्यंत कुणाला उघडू नये, एवढेच त्यांना वाटत होते.

"मालिश बंद करते," देवासची टेकरी लांबून दिसू लागली तेव्हा नलिनी म्हणाली. "ह्यांचा हात आखडला तर आखडला. दुसरं काय करू?"

मोठ्या कष्टाने वासंतीबाई म्हणाल्या, "मालिशच्या वेळेला विपुलला माझ्याकडे आणून सोड."

"काकू, तुमचं वय काय…"

"जमेल असं मी म्हणत नाहीये. सोड म्हणतेय."

"तो कुकरच्या शिट्टीला घाबरतो."

"पातेल्यात शिजवीन."

"जुनी वर्तमानपत्रं फाडून ठेवतो सगळी."

"तीच त्याला घड्या घालायला देईन. घरभर आहेत माझ्याकडे."

नलिनीने विपुलच्या शर्टाचे सुटलेले बटण लावले. बस स्टँडात वळली.

घरी पोहोचेपर्यंत दिवे लागले होते. वासंतीबाईंनी पाय पाण्यात सोडले, वही मांडीवर घेतली आणि धारचे सगळे चार ओळींत आवरले: गेलो, ऐकून घेतले, शिफारस होईल, वेळ लागेल. मग जरा थांबून त्यांनी खाली लिहिले:

दूधवाल्याला सोमवारपासून अर्धा लिटर जास्त सांगितले.