हरळीचं छप्पर

माजिवड्याच्या जुन्या गावठाणात आमचं विटांचं बैठं घर आहे. भिंती जाडजूड, पण वर स्लॅब. मार्च लागला की हा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी ते आमच्या अंगावर ओततो. आजूबाजूला टॉवर उभे राहिल्यापासून वारासुद्धा वाट चुकलाय. नवरा म्हणाला, एसी घेऊ. मी शाळेत परिसर अभ्यास शिकवून नुकतीच निवृत्त झालेली, अंगात उत्साह मावत नव्हता. म्हटलं, "एसी नको. गवत लावू."

"कुंडीत?"

"अख्ख्या स्लॅबवर."

तो कोर्टात स्टेनो आहे. समोरचा काहीही बोलला तरी चेहरा न हलवता ऐकून घ्यायची त्याला सवय. आताही त्याने चेहरा हलवला नाही. फक्त धाकट्या भावाला फोन लावला.

माझा दीर डोंबिवलीला राहतो, सिव्हिल इंजिनियर आहे. रविवारी आला, भिंती ठोकून पाहिल्या, बराच वेळ आकडेमोड केली. "वहिनी, माती भिजली की जड होते. चार इंचांवर एक मूठही नको. आणि खाली पाणी अडवणारा थर लागेल." त्याने सुचवलेला थर एसीपेक्षा महाग निघाला.

मग मला फ्लेक्स आठवले. आमच्या नाक्यावर रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो. मंडप डेकोरेटरकडे उतरवलेल्या शुभेच्छांचा डोंगर साचला होता. "घेऊन जा मॅडम, गोडाऊन तरी मोकळं होईल," म्हणाला. रिक्षा भरून आणले. अंथरायला घेतले तेव्हा नवऱ्याने प्रथमच हरकत नोंदवली.

"उपडे टाक. साहेबांच्या तोंडावर माती टाकली म्हणून उद्या कुणी आलं तर?"

"उपडे टाकले तर साहेब तोंडावर पडले असं होईल."

शेवटी उपडेच टाकले, दोन पदरी, कडा एकमेकींवर हातभर चढवून. त्यावर देवळाबाहेरच्या नारळवाल्याकडून आणलेली, नारळ सोलून उरलेली सोडणं पसरली, म्हणजे पाणी तुंबायला नको. त्यावर माती. राहिलं गवत.

शेजारच्या काकांची इथे पूर्वी भातशेती होती. आता त्या जागी टॉवर आहेत, त्यातले तीन फ्लॅट काकांचे. पण काका दिवसभर आपल्या जुन्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर. उरलेल्या तुकड्यावर हरळी माजली होती. मी ती मागायला गेले तर ते खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले.

"अगो, माझा आख्खा जलम गेला ही हरली खनून टाकन्यात! आनि तू ती डोक्याव घेतंस?"

"थंडावा राहतो, काका."

"ने. सगली ने. मुलासकट ने!"

दोन दिवस आम्ही फावड्याने हरळीचे चौकोन कापले, घमेल्यात घालून शिडीवरून वर चढवले आणि फरशीसारखे बसवले. काका खालून सूचना देत होते. टॉवरच्या बाल्कन्यांमधून लोक आमचे फोटो काढत होते.

जुलैत चार दिवस धो धो पाऊस पडला. दीर तपासणीला आला. घरात छताला ओल नाही, हे बघून खुशीत बाहेर पडला आणि नेमका पन्हाळीखाली उभा राहून वर बघू लागला. पन्हाळीच्या तोंडाशी सोडणाचा एक बोळा अडकला होता, तो तेवढ्यात सुटला. आतलं सगळं पाणी एकदम खाली आलं. सोडणं भिजली की पाण्याला गडद चहाचा रंग येतो, हे परिसर अभ्यासात नसतं. दिराचा पांढरा शर्ट पुन्हा कधी पांढरा झाला नाही. "ड्रेनेज चांगलं आहे," एवढंच तो म्हणाला.

पण खरी परीक्षा गणपतीत झाली. हरळी म्हणजेच दूर्वा, हे आमच्या डोक्यातून साफ गेलं होतं. गल्लीच्या मात्र नव्हतं गेलं. चतुर्थीला सकाळी मी मोदकांची उकड मळत होते, तेवढ्यात वरून धप धप आवाज आले. बाहेर येऊन बघते तर शिडीला बायकांची रांग आणि छपरावर अकरा जणी, पदर खोचून दूर्वा खुडतायत. एक टॉवरमधून लिफ्टने उतरून आमच्या शिडीवर चढली होती.

मी दिराला फोन केला. तो किंचाळला, "वहिनी, मी मातीचं वजन धरलेलं! बायकांचं नाही धरलेलं!"

मी खालून ओरडत होते, पण आरत्यांच्या आवाजात कोण ऐकतंय? शेवटी काका आपली खुर्ची घेऊन आले, ती शिडीच्या पायथ्याशी मांडली आणि काठी आडवी धरली. "दोन-दोन जनी. वरच्या उतरल्या की खालच्या." रांग दोन पावलं मागे सरकली. मग वर मान करून त्यांनी दम भरला, "ए बाय! हलक्या हातान खुड! हरलीची मुलं उपटशील तर बघ!"

मी काकांकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली.

पुढच्या उन्हाळ्यात घर किती थंड झालं, यावर आमच्यात मतभेद आहेत. मी म्हणते पुष्कळ, नवरा म्हणतो "थोडंसं". पण सुटीच्या दिवशी दुपारी तो आता पंख्याखाली घोरतो, आधी नुसता पडून तळमळायचा.

एप्रिलमध्ये पाण्याची कपात सुरू झाली आणि अर्धी हरळी वाळली. वाळलेल्या भागात टिटव्यांच्या जोडीने चार अंडी घातली. उरलेल्या हिरव्या भागाला आम्ही कपडे खळबळलेलं पाणी घालायचो, आता तेही अवघड झालं. माणूस वर दिसला की टिटवी ओरडत थेट डोक्यावर झेपावते. मी तर शिडी चढणंच सोडलं. गेले दोन आठवडे कोर्टातून आला की नवरा स्कूटरचं हेल्मेट काढतच नाही. तसाच बादली घेऊन वर जातो, पाणी घालतो आणि तिची माफी मागत मागत खाली येतो.