पिठलं भरलेली पिशवी

हदगावची ऋतुजा कोण, असं निलंग्यात कुणी इचारलं तर मी हातातलं काम टाकून सांगतो. बसस्टँडच्या मागं माझं दोराचं दुकान हाय. कासरे, दावी, सुतळी, आन् आजकालची पोरं नेतात ती नायलॉनची रस्सी. गिऱ्हाईक उभं असलं तरी म्हणतो, थांब रे, आधी हे ऐकून जा. गिऱ्हाईक कंटाळतं. कंटाळू दे! ज्या पोरीमुळं माझ्या घरात परत चूल पेटली, तिचं नाव मी उगाच घेत न्हाई.

गेल्या सालची गोष्ट. माझ्या बायकोला, कमलम्माला, आतड्याच्या शेवटाला कॅन्सर निघाला. लातूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खालची वाट बंद केली आन् पोटावर डाव्या अंगाला आतड्याचं तोंड बाहेर काढलं. स्टोमा म्हणतात त्याला. त्याच्यावर पिशवी चिकटवायची, संडास तिच्यात जमा होते, मग ती रिकामी करायची. जन्मभराचं काम. डॉक्टर म्हणले, "गाठ निघाली, आजी वाचल्या." मी हात जोडले. मला वाटलं, सुटलो.

कशाचं सुटतो! घरी आल्यावर पिशवी टिकेचना. सकाळी लावावी तर दुपारच्या आत कडेनं गळायची. साडी खराब, अंथरूण खराब. कमलम्मा मागच्या खोलीत जाऊन बसली ती बसलीच. आम्हा लिंगायत लोकांत गळ्यातलं लिंग मरेपर्यंत अंगावरून उतरत न्हाई. हिनं ते चांदीच्या डबीसकट काढून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. मी म्हणलं, "अगं, अंगावर लिंग असल्यावर आपल्याला इटाळ कसला? लहानपणापासून हेच ऐकत आलो न्हाई का?" तर म्हणली, "तुमचं गळत न्हाई. तुम्हाला बोलायला काय जातंय!"

सैपाक सोडला. "माझ्या हातचं कोण खाईल," म्हणायची. जिच्या भाकरीसाठी पाव्हणे मुक्काम वाढवायचे, ती बाई हे बोलत होती. आन् मग तिनं जेवणंच सोडलं. पोटात घास गेला न्हाई म्हंजे पिशवी भरायची न्हाई, एवढा साधा हिशेब. चतकोर भाकर आन् चहा. गालाची हाडं वर आली.

परत लातूरला दाखवायला नेलं तर डॉक्टर रागावले. पुढची औषधं सलाईनमधून द्यायची होती. म्हणले, "वजन असं उतरत राहिलं तर ही औषधं आजींना झेपायची नाहीत. आणि औषधं नाही दिली तर दुखणं परत येईल." म्हंजे खाल्लं तर गळतंय, न्हाई खाल्लं तर मरतीय. इकडं आड, तिकडं विहीर. मी बाकड्यावर डोकं धरून बसलो.

तेवढ्यात ही आली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरगी, बारकीशी, पण आवाज खणखणीत. "आजी, मी ऋतुजा. चला, पिशवी बदलून देते."

माझं टाळकं सरकलं. "शिकाऊ हायस न्हवं? आमच्यावर हात बसवायला आलीस काय? मोठ्या सिस्टरला बोलव!"

पोरगी जागची हालली न्हाई. "बाबा," म्हणली, "मी आधी माझ्याच पोटावर हात बसवून आलेय."

असं म्हणून तिनं कमलम्माला आत नेलं, पडदा ओढला, आन् काम करता करता सांगाया लागली. मी पडद्याच्या अलीकडं उभा राहून ऐकत होतो. त्यांना शिकवणाऱ्या सिंधू मॅडम म्हंजे भारी कडक बाई. नुसत्या बाहुल्यावर शिकून भागायचं न्हाई, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मऊ लाल रबराचं, खऱ्यासारखं ओलसर दिसणारं तोंड बनवलं. एकेका पोरीच्या पोटावर ते चिकटवलं, वर खरी पिशवी लावली आन् पिशवीत पातळ पिठलं भरलं.

"पिठलं?" कमलम्मा बोलली. किती दिसांनी बाई आपण होऊन काही बोलली होती.

"हाव आजी, कोमट पिठलं. आन् मॅडम म्हणल्या, आता हे काढायचं न्हाई. हेच घेऊन झोपा, जेवा, बाजारात जा, गावाकडं जाऊन या. युनिफॉर्मबी घालायचा न्हाई. तुमचे पेशंट काय युनिफॉर्म घालतात? तुमची आई घालते ते घाला."

ऋतुजाचे वडील शेषेराव हदगावात कापूस-सोयाबीन करतात. ही तशीच पोटाला पिशवी बांधून घरी गेली, आईची साडी नेसली. आई म्हणली, हे काय सोंग काढलंस गं? हिनं त्याच सोंगात भाकरी थापल्या, झोप काढली, आन् दुसऱ्या दिवशी लातूरला निघाली. नांदेडला गाडी बदलली. लोह्याच्या पुढं गाडी अशी आदळली की पिशवी सुटली. साडीवर पिवळं, सीटवर पिवळं. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठली आन् मागं जाऊन उभी राहिली.

"मला ठाऊक होतं आजी, की हे बेसन हाय. तरी मी अहमदपूरपर्यंत रडत आले. तवापासून मला पिठलं खाववत न्हाई. ताटात दिसलं की ती बाई दिसते."

मग कमलम्मा लेकीशी बोलावं तशी म्हणली, "पातळच लई केलं असंल तुझ्या मॅडमनं. पिठल्याला हात लागतो, अव्वा." आन् हसली! अय्यो शिवा, हसली! मी आपला उपरण्यानं डोळे पुसत उभा.

"आता उभ्या राहा," ऋतुजा म्हणली, "आन् घरी नेसता तशी साडी नेसून दाखवा."

कमलम्मा लाजली, पण नेसली. पिशवी कुणाला दिसू नये म्हणून तिनं परकराची नाडी बरोबर पिशवीवरून घेतली आन् कचकून गाठ मारली.

"हेच!" ऋतुजा केवढ्यानं ओरडली. "आजी, माझी अशीच सुटली होती! नाडीनं पिशवी मधीच आवळली. वरचं खाली उतरायला वाटच न्हाई, मग ते कडेनं येणार न्हाई तर काय होणार?"

घ्या! दवाखान्यात आम्हाला शिकवलं होतं ते पेशंटला झोपवून, गाऊन घालून. गाऊनला नाडी कुठली? डॉक्टर पुरुष, मी पुरुष. आन् मी तर जन्मभर दोर विकलेला माणूस. गावातल्या बैलाच्या गळ्यातली गाठ लांबून ओळखतो, पण बायकोच्या परकराची गाठ कोण बघतंय!

मग तिनं उपाय सांगितला. नाडी काढून रुंद कापडी पट्टी लावायची, ती पिशवीच्या वर, सैल बांधायची. पिशवी खाली मोकळी सोडायची, तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. तिथंच तिनं कमलम्माकडून दोन-तीनदा करून घेतलं. मला वाटलं झालं. तर पडदा सारून म्हणते, "बाबा, तुम्ही कुठं चाललात? या आत." खिशातलं ते रबराचं तोंड काढून माझ्यापुढं ठेवलं आन् म्हणली, लावा पिशवी. माझी ही जाडी बोटं. पहिली वाकडी, दुसरीला सुरकुती.

"बाबा, पोतं शिवून राहिले का?"

कमलम्मा परत हसली. मला त्या पोरीचा काडीचा राग आला न्हाई. तिसरी पिशवी नीट बसली तवा पोरीनं माझी पाठ थोपटली, जसा काही मीच तिचा इद्यार्थी.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी साडी कोरडी. तिसऱ्या दिवशीबी कोरडी. कमलम्मा सारखी हात लावून बघायची, तिला खरंच वाटेना. मग एका सकाळी न्हाणीत पाण्याचा आवाज आला. बघतो तर ओल्या केसांनी देवळीपुढं बसलेली. डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं, पाणी घातलं, भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं, आन् गळ्यात बांधलं. मी दारात खांबासारखा उभा. मला म्हणती, "बघत काय राहिलात? दुकान उघडायचं न्हाई का आज?"

त्या दिवसापासून खायला लागली. वजन भरलं, सलाईनची औषधं झेपली, डॉक्टरबी खूश झाले. पण सैपाक करायची तो आम्हा दोघांपुरताच. परक्या माणसाला चहासुद्धा करून द्यायची न्हाई. भीती तेवढी आतमधी तशीच राहिली होती.

परवा ऋतुजा पेढे घेऊन आली. पास झाली, नांदेडला नोकरी लागली. कमलम्मानं सकाळपासून मला सैपाकघरात पाय ठेवू दिला न्हाई. दुखण्यानंतर परक्याच्या ताटात ती पहिल्यांदाच वाढणार होती. ताट आलं. गरम भाकर, ठेचा, कांदा, आन् मधोमध पिठलं!

आनंदाच्या भरात ही बाई ते बसमधलं सगळं इसरली होती. आपलं सगळ्यात चांगलं काय, तर पिठलं, म्हणून तेच केलं.

ऋतुजाचा हात ताटावरच थांबला. कमलम्मानं ते बघितलं. तिचा चेहरा उतरला, हात आपोआप पोटावर गेला. "राहू दे अव्वा," हळूच म्हणली. "माझ्या हातचं नको वाटत असंल तर राहू दे. हे बाहेरून खायला आणतील."

मी सांगायला तोंड उघडलं. ऋतुजानं माझ्याकडं असे डोळे वटारले की मी गपगुमान तोंड मिटलं. तिनं भाकर मोडली, भला मोठा घास पिठल्यात बुडवला आन् तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं. चावत राहिली, गिळला, आन् दुसरा मोडला.

"आजी," म्हणली, "पिठलं असं असतं होय? मग आमच्या मॅडमनं केलं होतं ते काय होतं? वाढा अजून."

तवा कुठं कमलम्माच्या ध्यानात आलं. "अय्यो, तुला तर पिठलं..." म्हणत तिनं कपाळावर हात मारला. ऋतुजा ताट पुढं करूनच बसली होती. "वाढा की आजी, गार होतंय."

कमलम्मा रडत होती आन् वाढत होती. सगळी कढई तिनं त्या पोरीच्या ताटात पालथी केली. मला नुसती खरवड उरली. मी ती बोटानं पुसून खाल्ली, आन् लई गोड लागली.