काटोल ते नागपूर, कबड्डीच्या मागे

काटोल ते नागपूर हा काय लिहिण्यासारखा प्रवास आहे का, असं माझ्या मुलीनं विचारलंच. लोक लडाखला जाऊन येतात आणि ब्लॉग लिहितात, आणि मी लिहिणार लाल बसनं केलेल्या दोन दिवसांच्या प्रवासाबद्दल, तोही सत्तरच्या दशकातला. पण नंतर मी बरीच फिरले, तरी आवडता प्रवास कोणता म्हटलं की मला हाच आठवतो. आपल्या तालुक्याच्या संघामागे वेड्यासारखं जायची हौस असलेल्यांनी तर वाचावाच.

त्या हिवाळ्यात जिल्हा अजिंक्यपदाची कबड्डी स्पर्धा नागपूरला होती. काटोल तालुक्याच्या संघात माझा मोठा भाऊ शेषराव होता. घरात आम्ही त्याला नुसतं भाऊ म्हणायचो. तो चढाईला गेला की समोरचे आपोआप मागे सरकत. पण तिशी उलटली होती, गुडघा कुरकुरत होता, आणि हे शेवटचं वर्ष असं त्यानं सांगून टाकलं होतं. आमच्या तालुक्यानं या स्पर्धेत तोवर एकही सामना जिंकला नव्हता. बाबा संत्र्याचे व्यापारी. झाडांकडे बघून बगीच्यात माल किती निघेल ते सांगायचे, आणि संघाकडेही तसंच बघायचे. पोरं वजनाला बरी, डावा कोपरा भक्कम, चढाईला शेषराव. बाबांच्या मते यंदा अंतिम सामना गाठायला हरकत नव्हती, फक्त भाऊचा एक घोळ आवरायला हवा होता.

घोळ असा, की भाऊ खेळ शिकला बाबांकडून, आणि बाबांच्या काळी खेळाचं नावच हुतुतू. दमही ‘हुतुतू, हुतुतू’ म्हणतच धरायचा. आता नियमानं ‘कबड्डी, कबड्डी’च म्हणावं लागे. मध्येच दुसरं काही तोंडातून निघालं तर दम तुटला असं धरत आणि चढाई करणारा बाद. भाऊ सुरुवात अगदी शहाण्यासारखी कबड्डीनं करायचा, पण अंगावर चार हात पडले की हुतुतू सुरू. आदल्या वर्षीचा सामना त्यापायीच गेला होता.

मी पिशवी भरायला घेतली तेव्हा बाबा म्हणाले, “तू काहून येऊन राहिली वं?”

“ओरडायले,” मी म्हटलं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं सगळा संघ निघाला. या रस्त्यानं जाणार असाल तर हिवाळ्यातच जा आणि खिडकी पकडा. काटोलच्या बाहेर पडलं की दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे लागतात, आणि फळ धरलं असेल तर ते बघत बसावंसं वाटतं. आम्हाला कुठलं बघायला मिळतंय! बाबांनी भाऊला बसमध्येच दम धरायला लावला. गाडी खड्ड्यात आपटायची आणि भाऊचं ‘कबड्डी, कबड्डी’ हिंदकळायचं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

तिकिटं फाडत कंडक्टर म्हणाला, “काका, बस करा. पोट्टं नागपूरले पोचेपर्यंत दमून जाईन.”

“तू तिकिटं फाड गा,” बाबा म्हणाले. “मी संघ घेऊन चाललो.”

कळमेश्वरला गाडी थांबली की उतरून भजी खावी, तेव्हाही आणि आताही. भाऊला मात्र तेलकट बंद होतं. त्यानं माझ्या पुड्यातली दोन भजी बाबांची पाठ वळल्यावर खाल्ली.

मैदान सीताबर्डीपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. पांढऱ्या चुन्याच्या रेषा, भुसभुशीत माती, आणि बघायला इतकी माणसं की ओरडायला आलेली मी बाबांच्या मागे लपले. दुपारचा पहिला सामना आम्ही जिंकलो! भाऊनं लांब पाय टाकून कोपऱ्यातल्या माणसाला टिपलं आणि कुणाचा हात लागायच्या आत परत आला. काय सुंदर परतायचा तो! घाई म्हणून नाही, पाणी भरून घरी निघाल्यासारखा. तालुक्याचा तो पहिला विजय. बाबा अनोळखी माणसांना मिठ्या मारत सुटले.

संध्याकाळी सीताबर्डीच्या बाजारात त्यांनी मला बांगड्या घेऊन दिल्या, भाव न करता. आम्हा तिघांचा मुक्काम शहराबाहेर बेसाला, आत्याकडे. आज तिथे फ्लॅटच फ्लॅट आहेत. तेव्हा तुरीच्या शेतांतून पायवाटेनं जावं लागे, आणि ‘माझा खेळाडू चालून दमला’ असं बाबा वाटभर पुटपुटत होते. दारात जय भीम झाला, आत्यानं पाय धुवायला पाणी दिलं, आणि ताटात असा लालभडक रस्सा वाढला की बाबांनी भाऊची वाटी उचलून स्वतःकडे घेतली.

“माह्या भाच्याले उपाशी ठेवतं का रे?” आत्या कडाडली.

“उद्या शहराशी गाठ हाय. तिखटानं दम जाते.”

“तुयाच दम जाऊन राहिला,” आत्या म्हणाली आणि भाऊला दुसरी वाटी दिली.

रविवारी सकाळी हरभऱ्याची तिखट तर्री घातलेले पोहे खाऊन आम्ही मैदानावर पोचलो. नागपूरला जाऊन पोहे न खाता परतू नका. उपांत्य सामन्यात समोर नागपूर शहराचा संघ, दांडगी पोरं, सगळ्यांच्या एकसारख्या बनियनी. सामना शेवटपर्यंत मागेपुढे झाला. शेवटची चढाई उरली तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो, आणि भाऊ उठला.

त्याचं ‘कबड्डी’ मला स्पष्ट ऐकू येत होतं. त्यानं एकाला शिवलं, वळला, आणि तिघांनी त्याला धरलं. एक कमरेला, दोन पायांना. भाऊ त्या तिघांना ओढत रेषेकडे सरकत होता. लोक इतके ओरडत होते की पुढचं काही ऐकू येईना. तो आडवा पडला, हात लांबवला, आणि त्याची बोटं रेषेपलीकडे टेकली. पंचांनी शिट्टी वाजवून गुण आम्हाला दिले. आम्ही जिंकलो होतो, अंतिम सामन्यात गेलो होतो. मी किंचाळत होते, बाबांची टोपी कुठल्या कुठे गेली होती.

भाऊ उठला आणि हात वर करून उभा राहिला.

“काय झालं?” पंचांनी विचारलं.

“शेवटी हुतुतू निघालं, साहेब. मी बाद हाय.”

आमच्या बाजूनं एकच ओरडा झाला, “चूप बैस गा, शेषराव!” पंचांनी पुन्हा विचारलं, भाऊनं तेच सांगितलं. गुण परत गेले आणि सामना शहराचा झाला. मला राग आला. इतका की रडू फुटलं. शहराचा कप्तान बामची डबी घेऊन आला, भाऊला खाली बसवलं आणि स्वतः त्याचा गुडघा चोळायला लागला. तेही मला बघवेना.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. कळमेश्वर गेलं, कुणी भज्यांना उतरलं नाही. मग भाऊकडे न बघताच म्हणाले, “पंचाले ऐकू गेलं नव्हतं.”

“माहीत हाय.”

“मंग काहून सांगतलं?”

“मले ऐकू आलं ना, बाबा.”

बाबा पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. त्यानंतर भाऊ खेळला नाही. पुढे आमच्या तालुक्यानं बरेच सामने जिंकले. मी पाहिलेही, पण त्यातले गुण आज विचाराल तर सांगता येणार नाहीत. भाऊचा तो वर केलेला हात मात्र मी अजून बघू शकते, आणि माझा राग कधी गेला ते मला सांगता येत नाही.

काटोलच्या स्टँडवर अर्धा बाजार वाट बघत उभा होता. गाडीतून पाय खाली टाकतो न टाकतो तोच कुणीतरी ओरडलं, “काय झालं गा, जिंकले का हरले?”

भाऊनं मान खाली घातली. बाबांनी त्याच्या हातातली पिशवी काढून आपल्या खांद्यावर टाकली.

“जिंकलो होतो,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पोरानं वापस केलं.”