काचेवरचे ठिपके

थोरलीचा जन्म फरशा पुसण्यात गेला, काच मात्र तिच्या वाट्याला म्हातारपणी आली. विद्यापीठाची नवी इमारत म्हणजे नुसती काच. आतून तळं दिसे, टेकडी दिसे. पाहुणे फोटो काढत. थोरलीला त्या देखाव्यावर फक्त बोटांचे ठसे दिसत.

"काचेवर एक डाग दिसायला नको," मुकादम म्हणाला होता. तिने दारांवर ओळीने चिकटवलेले पांढरे ठिपकेसुद्धा नखाने खरवडून काढले. रंगाऱ्याचं काहीतरी राहिलं असेल, असं समजून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाई पुढच्या दारावर धाडकन आपटल्या. नाकातून रक्त, चष्म्याचे तुकडे.

"ठिपके काढले कोणी?" मुकादम कडाडला. "माणसांना काच कळावी म्हणून होते ते! ज्याने काढले त्याला आजच घरी बसवतो."

थोरलीने फडकं उचललं आणि फरशीवर वाकली. घर तरी कुठलं? मागची खोली नोकरीबरोबर मिळालेली, आणि तिच्यात पाठ धरून पडलेला नवरा.

धाकटी जाऊही तिथेच कामाला. ती कुजबुजली, "जाऊबाई, मिठाची गुळणी धरा."

"अगं, तळ्याकडच्या दारांचेपण काढलेत मी."

"सगळे?"

"सगळे."

"एवढं झटून कधी घर पुसलंत का हो!" धाकटीला हसू आलं आणि लगेच विझलं.

थोरलीचे हात फरशीवर, जीव त्या दारांवर. कोणी तिकडे वळलं की तिचं फडकं थांबे. एक शिपाई नीट दार ढकलून गेला. फडकं पुन्हा फिरलं.

तेवढ्यात वर्ग सुटला. दोन पोरी मागे बघत, एकमेकींना ढकलत तळ्याकडे धावत सुटल्या. मुकादम समोरच उभा. धाकटीने थोरलीचं मनगट घट्ट धरलं.

थोरलीने हिसडा दिला, धावली आणि दाराला पाठ लावून हात पसरले. "थांबा गं! काच आहे!"

पोरी तिच्या अंगावर येऊन आदळल्या.

मुकादम जवळ आला. कोरी काच बघितली, मग तिला. "याचेही ठिपके गेलेत, हे तुला कसं ठाऊक?"

"लांबूनच दिसतंय की..." धाकटीने तोंड घातलं.

"तू गप," थोरली म्हणाली. "मीच काढले. शेजारच्या दारांना आधी काहीतरी लावा, मग काय ते बोला."

मुकादमाने खिशातून फोन काढला. चिकटपट्टी मागवतोय की तिच्या जागी दुसरी बाई, तिला कळेना. तरी ती दारातून हलली नाही.